बुधी नावाचा मोगरा

बोईसर,
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. तेजल हिला रूपलताईचे आशीर्वाद.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण तुझा फोन नुसता वाजत राहतो. धीरजच्या फोनवर केला तर माझा भाऊ मला सांगतो, "ताई, ती मोगऱ्यात हाय." सकाळी मोगऱ्यात, दुपारी मोगऱ्यात, दिवेलागणीलाही मोगऱ्यातच. म्हणून म्हटलं, लिहून पाठवावं. सवडीने वाच.

दिवाळी झाली. मासवणहून तुम्ही कोणी आला नाहीत. मी चकल्या केल्या होत्या, त्या शेवटी कामावरच्या बायकांना वाटून टाकल्या. आईची तब्येत बरी आहे. गोळ्या वेळेवर घेते. तिसरा मजला तिला चढवत नाही, त्यामुळे दिवसभर गॅलरीत बसून असते. कारखान्यांचा वास आला की पदर नाकाला लावते आणि म्हणते, "हतं वारापन आजारी हाय." शेजारी साताऱ्याकडची उत्कर्षा राहते, तिचा नवरा तारापूरच्या वीज केंद्रात आहे. ती दुपारी आईला चहा आणून देते. दोघींना एकमेकींचं बोलणं अर्धंच कळतं, पण तासभर गप्पा चालतात.

नवरात्रात आईला इकडे आणलं ते चार दिवसांसाठी म्हणून. आता महिना उलटून गेला. तुमच्या सासू-सुनेत काय झालं ते मला माहीत नाही आणि मी मध्ये पडणारीही नाही. ती एवढंच सांगते, की तेजल बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, पण तोंडातून शब्द काढत नाही. "मी काय केलां तिचां?" असं मला रोज विचारते. मी काय सांगणार?

तुझं अभिनंदन करायचं राहून गेलं. पालघरच्या मेळाव्यात तुझा सत्कार झाला तो फोटो मी पेपरात पाहिला. आमच्या पॉलीहाऊसचे मालक, मनीषशेठ, त्यांनीच पेपर माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "रूपलबेन, ये तो तुम्हारी भाभी है ना?" मी हो म्हटलं. त्यांनी सगळ्या बायकांना बोलावून फोटो दाखवला. साडी तू चांगली नेसली होतीस. पदर मात्र थोडा वर घ्यायला हवा होता.

खाली लिहिलं होतं, 'सातवी शिकलेल्या आदिवासी महिलेने शोधला मोगऱ्याचा नवा वाण'. पेपरवाले काहीही लिहितात. झाड आपल्या अंगणातलं, आईने विहिरीपाशी लावलेलं. ते शोधायला कुठे जावं लागलं तुला? असो, चेष्टा करते आहे. मनावर घेऊ नकोस.

एक मात्र मोठी म्हणून सांगते. सत्कार झाला म्हणजे वाण तुझा झाला असं समजू नकोस. दिल्लीत नोंदणी होईल, दाखला मिळेल, तेव्हा तो तुझा. आमच्याकडे जरबेराची रोपं परदेशातून येतात. प्रत्येक खोक्यात एक कागद असतो, की या रोपापासून दुसरं रोप करायचं नाही. करायचं तर ज्याने वाण तयार केला त्याला प्रत्येक रोपामागे रॉयल्टी द्यायची. अठरा वर्षं मी ते कागद फाइलला लावते आहे. म्हणजे या विषयातलं मला थोडंफार कळतं. दिल्लीहून तुला काही पत्र आलं असलं तर मला दाखव. इंग्रजीत असतं ते.

धीरजला सांग, टेम्पो सावकाश चालव. मनोरच्या रस्त्याला फार गाड्या झाल्यात.

तुझी ताई,
रूपल

ता. क. वाणाला काय नाव दिलंस तेही पेपरातच वाचलं. मला आधी कुणी विचारलं नव्हतं.


बोईसर,
२६ डिसेंबर २०२४

चि. सौ. तेजल हिला आशीर्वाद.

रविवारी धीरज येऊन गेला. नवा तांदूळ पोचला, सुकी मासळी, करंदी, तीही पोचली. आईने करंदी हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "तेजलनं दिली काय?" धीरज हो म्हणाला. मग ती किती तरी वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत बसली.

धीरजने मला सगळं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, टीव्हीकडे बघत होता, आणि टीव्ही बंद होता. तुझा अर्ज भरून देणाऱ्या उन्नती मॅडमनी तुला दिल्लीचा तो कागद वाचून दाखवला, हे त्याच्याकडूनच कळलं. की नोंदणीला आक्षेप आला आहे. की झाड आईचं, बुधीचं, वाण तिनेच ओळखून जोपासला, सुनेने तिला न विचारता आपलं नाव लावलं, असं त्यात लिहिलं आहे, आणि खाली आईचा अंगठा आहे. तू घरी येऊन आईला एवढंच विचारलंस, "आई, तुमी कागदावर आंगठा दिला काय?" आणि आई म्हणाली, "दिला ना. का गं?" तिथून तुझं बोलणं बंद झालं.

नाशिककडचे ते रोपवाटिकावाले तुझ्याशी करार करणार होते, तेही म्हणाले की आधी हे मिटू दे. हे मला ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं.

पण तेजल, जरा दुसऱ्या बाजूनेही बघ. आई म्हणाली असेल तर तिचं काय चुकलं? ते झुडूप तिने डहाणूहून आणलं तेव्हा धीरज रांगत होता आणि तू जन्मलीही नव्हतीस. उन्हाळ्यात विहीर आटली की आम्ही दोघं भावंडं नदीवरून पाणी आणून त्याला घालायचो. माझ्या खांद्याला हंड्याच्या कडेचा वळ असायचा. आश्रमशाळेत जाताना आई माझ्या वेणीत त्याच्याच कळ्या घालायची. तू घरात येऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत झाड तुझं होतं का?

माझंही ऐक. तुला वाटत असेल, ताई पॉलीहाऊसमध्ये फुलं मोजते आणि खोकी बांधते. मी फुलशेतीची पदविका केली आहे. आपल्या पाड्यावरची पहिली मुलगी मी. कामाला लागल्यावर शेठकडून एक कोपरा मागून घेतला होता. त्यात सहा वर्षं मी जरबेरावर प्रयोग केले. एका फुलाचे पराग रंगाच्या ब्रशने दुसऱ्याला लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची, बी धरलं की पेरायचं, पुन्हा फुलाची वाट बघायची. तीन वह्या भरल्या. शेवटी एक फूल आलं, केशरी, मधे काळं, पाकळीला बारीक पांढरी किनार. मी शेठला बोलावून दाखवलं. त्यांनी फोनवर एक फोटो काढून दाखवला. अगदी तसंच फूल, हॉलंडच्या कंपनीचं, आठ वर्षांपूर्वी नोंदवलेलं. ते रागावले नाहीत. "अच्छा किया, लेकिन जगह खाली करो," एवढंच म्हणाले. त्या कोपऱ्यात आता खताची पोती आहेत.

आणि तू. तू वही केली नाहीस, ब्रश धरला नाहीस. अंगणात भांडी घासता घासता तुला तो मिळाला. कळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मिटलेली राहते, दादरच्या फुलबाजारात पोचेपर्यंत उमलत नाही, थंडीतही झाड कळी धरतं. लोक जन्मभर खपतात अशा एका गोष्टीसाठी. मी तुझा तो फोटो पाहिला त्या दिवशी जेवले नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. खोडत नाही.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल. तांदळाच्या पिशवीत घडी करून ठेवली होतीस ती धीरजला माहीत नव्हती असं दिसतं. तू लिहिलंस, "ताई, आईंच्या अंगठ्याचा मला राग नाय. झाड त्यांचंच हाय. फक्त त्यांना एवढं विचारा, वाणाला मी काय नाव दिलंय ते त्यांना माहीत होतं का."

मी अजून विचारलेलं नाही. थंडीने तिचे गुडघे दुखताहेत. तिला आणखी त्रास कशाला?

कळवीन सवडीने.

रूपल


बोईसर,
५ फेब्रुवारी २०२५

तेजल,

आशीर्वाद लिहिणार होते, पण हे पत्र वाचून झाल्यावर तुला ते नको वाटतील, म्हणून लिहीत नाही.

तो आक्षेप मी केला. आईला त्यातलं काही माहीत नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगते. गेल्या वर्षी जुलैत मनीषशेठनी मला विचारलं, तुमच्या घरच्या मोगऱ्याच्या रोपं करायला चार काड्या मिळतील का. त्यांना तुझ्या वाणाची बातमी आमच्या वर्तुळातून आधीच लागली होती. मी म्हटलं, भावजयीचा अर्ज दिल्लीला गेला आहे. ते म्हणाले, "अभी मिला तो नहीं ना." मी आषाढात घरी आले होते तो दिवस तुला आठवत असेल. तू मनोरच्या बाजाराला गेली होतीस. मी सहा काड्या कापल्या, ओल्या पेपरात गुंडाळल्या आणि डब्याच्या पिशवीत घालून आणल्या.

त्याच महिन्यात सरकारी पत्रिकेत तुझ्या अर्जाची जाहिरात आली. कुणाला हरकत असेल तर तीन महिन्यांत कळवावी, असं त्यात असतं. शेठच्या एका सल्लागाराने मला ती दाखवली. म्हणाला, झाड तुमच्या आईचं असेल तर हक्क आईचा, आणि आईच्या वतीने तुम्ही करार केलात तर सगळीकडे तुमचं नाव येईल. मी जाहिरात वाचली. अर्जदाराच्या जागी तुझं नाव होतं, ते मला माहीत होतं. वाणाच्या नावाच्या जागी 'बुधी' लिहिलं होतं. नाव पेपरातच वाचलं असं मी तुला लिहिलं, ते खोटं.

तेजल, तुला कसं सांगू. झाड तू घेतलंस ते मी गिळलं असतं. माझा विषय तू घेतलास, तेही कदाचित गिळलं असतं. पण माझ्या आईचं नाव देण्याचं तुला सुचलं. त्या केशरी फुलाला नाव द्यायची वेळ आली असती तर मी काय देणार होते माहीत आहे? वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. 'रूपल'. सहा वर्षांत मला दुसरं कुणाचं नाव सुचलं नाही. ती जाहिरात हातात धरून मला वाटलं, ही माझ्यापेक्षा चांगली मुलगी झाली माझ्या आईची. आणि मी हो म्हणून टाकलं.

सप्टेंबरात आईला पालघरला घेऊन गेले. तिला सांगितलं, निराधार पेन्शनचा कागद आहे. तिने पेढा मागितला, मी घेऊन दिला. मग तिने अंगठा दिला.

तुला हे आधीच कळलं असणार. इंग्रजीतला एवढा नीट कागद आई कुठून आणणार? तरी तू चिठ्ठीत माझं नाव घेतलं नाहीस.

आता संक्रांतीचं सांगते. दरवर्षी पॉलीहाऊसमध्ये बायकांना तिळगूळ असतो. आई म्हणाली, मलाही ने, गॅलरीत बसून कंटाळा आला. मी नेलं. मागच्या शेडमध्ये तुझ्या मोगऱ्याची रोपं ठेवली आहेत याचा मला विसर पडला होता, असं म्हटलं तर खोटं होईल. ती तिकडे जाणार नाही असं मी धरून चालले होते. बायका तिळगूळ घेत होत्या आणि ही सावली शोधत मागे गेली. मी धावत पोचले तेव्हा ती वाकून एक पान चाचपत होती.

"रूपल, तेजलचा मोगरा हतं कसा आला?"

मी म्हटलं, "आई, मोगरा सगळा सारखाच असतो."

"सारका नसतं. ह्याला एके ठिकानी तीन पानां हायत. आपल्या अंगणातला हाय ह्यो." मग माझ्याकडे वळून, "तिनं दिला काय तुला?"

"नाही."

"मग?"

"मी आणला. तिला न सांगता."

ती खोक्यावर बसली. मला वाटलं आता ओरडेल. तिने हळूच विचारलं, "आजून काय काय आनलास तिचां?"

मग मला लपवता आलं नाही. पेन्शनचा कागद पेन्शनचा नव्हता, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, वाच त्यात काय हाय ते. माझ्या फोनमध्ये प्रत होती. मी तिथेच उभं राहून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. माझ्या सुनेने मला न विचारता. माझ्या निरक्षरपणाचा फायदा घेऊन. हे शेवटचं मीच घातलं होतं, सल्लागाराने सांगितलंही नव्हतं.

"मी असां म्हटलां?"

"नाही."

"मग माजे तोंडात तू घातलास." तिने समोरचं पान पुन्हा चाचपलं. "ती मना काय बोलली नाय, रूपल. ताट वाढत ऱ्हाली. मीच तिला वंगाळ समजली. पेपरात फोटो आला, आता सासू नको झाली, असां मना वाटलां. शेजारणीला पन मी तसांच सांगितलां."

मी म्हटलं, "आई, तिने त्या मोगऱ्याला तुझं नाव दिलंय. बुधी."

तिला आधी कळलंच नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा ती हसली, गं. "मोगऱ्याला कोन बुधी म्हनंल? बाजारात बाया काय मागतील, पावशेर बुधी दे?" पदराने तोंड झाकून हसत होती, आणि मग त्याच पदराने डोळे पुसायला लागली. बायका तिळगूळ घेऊन आल्या. तिने घेतला नाही. माझ्या हातचा तर नाहीच.

घरी आल्यावर तिने एकच धोशा लावला. "जतं आंगठा घेतलास ततं मना परत ने. दुसरा लावतां." दोन आठवडे ती माझ्याशी तेवढंच बोलली. मी टाळत होते. आक्षेप मागे घेतला तर शेठ काय म्हणतील, पोलिसात जाईल का, नोकरी राहील का, असे हिशेब मी करत बसले. आणि खरं सांगायचं तर एक वेगळंच कारण होतं. आक्षेप मागे घेण्यापुरतं आईचं एक वाक्य पुरलं असतं. पण उन्नती मॅडमनी धीरजला सांगितलं होतं, की आक्षेप मागे घेतला तरी आता शंका आली आहे. वाण तेजलनेच ओळखला आणि वाढवला याला साक्षीदार किंवा पुरावा असेल तर बरं. धीरजने मला ते फोनवर सांगितलं आणि म्हणाला, "ताई, पुरावा कुठला आनायचा? तवा अंगनात कोन होतं?"

मी होते.

मी ते त्याला तेव्हा सांगितलं नाही. तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस, पण तुला आठवत असणारच. दोन हजार अठराचा डिसेंबर, छाटणीचे दिवस. तू मला विहिरीपाशी नेलंस आणि झुडपाची एक फांदी दाखवलीस. पानं बारीक, मुडपलेली, एकेका पेरावर तीन-तीन. कळ्या तीन-चारच होत्या. तू म्हणालीस, "ताई, हिची कळी काल सांजेला फुललीच नाय. आज सकालीपन तशीच." तुझा आवाज असा होता, जसं तुला काही तरी मिळालं आहे. मी फांदी बोटाने उलटीसुलटी केली आणि माझी पदविका बाहेर काढली. म्हटलं, रोग आहे हा. छाट आणि जाळून टाक, नाहीतर सगळं झाड जाईल. तू परत म्हणालीस, कळी चांगली हाय पन. मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं.

तू छाटलीस. जाळली नाहीस. न्हाणीच्या पाण्यावर तुकडे खोचलेस आणि दोन वर्षं कुणाला बोलली नाहीस.

म्हणजे तो वाण आधी माझ्या हातात आला होता, तेजल. मी तो हातात धरला होता. केशरी फुलाचं मला दुःख नाही इतकं याचं आहे. तुझा फोटो पेपरात पाहिला तेव्हा मला तुझा हेवा वाटला, तो याच कारणाने. तुझ्या नशिबाचा नव्हे. तू बघितलंस, आणि मी शिकलेली असून बघितलं नाही. त्या दिवसाची आठवण असलेल्या आपण दोघीच, त्यामुळे मला वाटायचं की तुझा अर्ज बुडाला तर ती फांदीही बुडेल, मग मी कधी चुकलेच नव्हते.

त्या दिवशी मी फांदीचा फोटो काढला होता. आमच्या फवारणीच्या औषधवाल्याला दाखवायला, की कुठला रोग आहे. त्याला मी मेसेजही पाठवला होता: 'भावजय म्हणते कळी उशिरा उमलते. मला रोग वाटतो. जाळायला सांगितलंय.' तारीख, वेळ, सगळं आहे. फोटोत फांदी तुझ्या हातात आहे. तुझं मनगट दिसतं, हिरव्या काचेच्या बांगड्यांचं. जुना फोन मी कपाटातून काढला, चार्ज केला. चालू होईल असं वाटलं नव्हतं. चालू झाला.

सोमवारी मी आणि आई पालघरला गेलो. आधी आईचा जबाब. वकिलाने मराठीत लिहिला, मोठ्याने वाचला, आईने मध्येच थांबवून एक वाक्य वाढवायला लावलं: "सून माझी चांगली आहे." वकील म्हणाले, आजी, याची कायद्याला गरज नाही. ती म्हणाली, "मना हाय." ते वाक्य आहे त्यात. मग माझं प्रतिज्ञापत्र. अंगठा मी कसा घेतला, काड्या मी कशा नेल्या, रोपं कुठे आहेत, आणि अठरा साली फांदी तू दाखवलीस आणि मी जाळायला सांगितली, हे सगळं. फोटो आणि मेसेज जोडले. दोन्ही कागद दिल्लीला रजिस्टर्ड पोस्टाने गेले. एकेक प्रत या पत्राबरोबर आहे. उन्नती मॅडमना दाखव. खोटा कागद केल्याबद्दल माझ्यावर काही कारवाई व्हायची असेल तर ती होईल. वकिलांनी मला तसं सांगितलं आहे. तू माझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकू नकोस.

मनीषशेठना मी तोंडावर सांगितलं. म्हणाले, झाडं माझ्या जागेत, माती माझी, पाणी माझं. मी म्हटलं, दाखला झाल्यावर एक काडी विकायची तर तेजलला विचारावं लागेल, रॉयल्टी द्यावी लागेल. खोक्यातला कागद तुम्ही जसा हॉलंडवाल्यांचा मानता तसा हिचा मानावा लागेल. ते हसले. मग म्हणाले, "रूपलबेन, कल से मत आना." अठरा वर्षांनी. माझ्या तीन वह्या तिथल्या टेबलाच्या खणात होत्या, त्या तेवढ्या घेऊन आले. रोपं मी आणू शकले नाही. ती तिथेच आहेत, आणि वाढताहेत, हे तुला माहीत असावं. त्यांची जबाबदारी माझी आहे. त्यांचं पुढे काय करायचं ते उन्नती मॅडमना विचारून मला सांग, मी साक्षीला उभी राहीन.

हेवा गेला का, असं तू विचारणार नाहीस, पण मी स्वतःला विचारते. गेलेला नाही. काल बोईसरच्या बाजारात गजरेवालीकडे घट्ट कळ्यांचा मोगरा दिसला आणि पुन्हा तसंच झालं, गजरा न घेताच निघून आले. दाखला तुझ्या हातात येईल त्या दिवशीही होईल बहुधा. हे मला कुठे ठेवावं कळत नाही. एवढंच कळलं आहे, की त्यापायी मी पुन्हा कशाला हात लावणार नाही.

आईला आता इथे राहायचं नाही. माझ्या हातचं जेवते, पण पाहुण्यासारखं. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळच्या एसटीने मी तिला घेऊन येते आहे. पत्र आजच पोस्टात टाकते, म्हणजे ती यायच्या आत तू वाचलेलं असशील. तिने तुझी माफी मागायचं ठरवलं आहे. तिला मागू देऊ नकोस. माफी मागावी असं तिने काही केलेलं नाही. तिच्या पिशवीत गोळ्या आहेत, जेवणानंतरच्या वेगळ्या बांधल्या आहेत.

मासवणच्या फाट्यावर तिला उतरवून घे. पायरी उंच असते, हात दे. मी खिडकीशी बसलेली असेन. खाली उतरणार नाही. गाडी तिथे मिनिटभर थांबते. तू नुसती आईला घेऊन निघून गेलीस तरी मला ते बरोबरच वाटेल.

धीरजची बहीण,
रूपल